कोपनहेगनची स्टडी टूर : खिशात मोजपट्टी ठेवून शहर कसं बघावं

कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग टेकडीवर ग्रुंटविग चर्च आहे. आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. जमिनीपासून छतापर्यंत एकच पिवळी वीट, रंग नाही, गिलावा नाही, चित्र नाही. आमच्या गटातल्या सगळ्यांनी मोबाइल वर धरले. एक मुलगी मात्र फरशीवर मांडी घालून बसली आणि तिनं समोरची लाकडी खुर्ची मोजायला घेतली. बैठकीची उंची, पाठीचा कल, पाठीमागे प्रार्थनेचं पुस्तक ठेवायला केलेला छोटा कप्पा, बैठकीची वीण. अर्ध्या तासात तिच्या वहीचं एक पान भरलं. परत आल्यावर वर्षभर स्टुडिओत वापरात राहिलं ते हेच पान. फोटो हजारांनी होते, पण ते पुन्हा कुणी उघडल्याचं मला आठवत नाही.

पुढचं सगळं मी त्या पानावरून शिकलो तसं लिहितो आहे. आर्किटेक्चर, इंटिरियर किंवा प्रॉडक्ट डिझाइनचे विद्यार्थी आणि त्यांना नेणारे शिक्षक, दोघांसाठी.

महिना आधी, विमान नंतर

आपल्या परीक्षा संपतात मे महिन्यात, आणि मेअखेर ते जूनचा मध्य हा काळ कोपनहेगनसाठी उत्तम. सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे संग्रहालयं बंद झाल्यावरही चार तास स्केचिंग करता येतं. डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधारून येतं, त्यामुळे हिवाळ्यातला दौरा मी सुचवणार नाही. जूनमध्ये ‘थ्री डेज ऑफ डिझाइन’ हा उत्सव असतो. त्या दिवसांत शहरभरच्या फर्निचर कंपन्या आपापल्या शोरूमची दारं सगळ्यांना उघडी ठेवतात. तेवढेच दिवस हॉस्टेलचे दर मात्र चढलेले असतात. गट मोठा असेल तर उत्सवाच्या आदल्या आठवड्यात जाणं परवडतं.

जुलै टाळा. डेन्मार्कमध्ये जुलैचे मधले आठवडे सामूहिक सुट्टीचे असतात आणि डिझाइन ऑफिसं ओस पडतात. तिथले लोक तारखेऐवजी आठवड्याचा क्रमांक सांगतात हेही लक्षात ठेवा. ‘आठवडा २४ मध्ये या’ असं उत्तर आलं तर कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक चालू करून बघा. आम्ही एकदा अंदाजानं तारीख धरली आणि भेट हुकली.

महिना ठरला की प्रत्येक विद्यार्थ्यानं एक प्रश्न ठरवायचा, वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. ‘डॅनिश डिझाइन समजून घेणे’ हा प्रश्न होऊ शकत नाही. ‘पाण्याकाठची पायरी बसायची केव्हा होते आणि चढायची केव्हा?’ हा होतो. ‘सायकल घेऊन जिना कसा चढतात?’ हा होतो. ‘दिवा दिसू न देता उजेड कसा देतात?’ हाही होतो, आणि त्यासाठी डॅनिश डिझायनर पोल हेनिंगसननं १९२० च्या दशकापासून केलेले एकावर एक पडद्यांचे दिवे शहरभर टांगलेले सापडतील. प्रश्न जितका लहान, तितकं शहर जास्त उघडतं.

पत्रं आणि भेटी

ऑफिसभेटीसाठी किमान आठ आठवडे आधी मेल करा. मेल चार ओळींचा असावा: आम्ही कोण, किती जण, कोणत्या दिवशी, आणि तुमच्या कोणत्या कामाबद्दल काय विचारायचं आहे. पंधरापेक्षा जास्त जण असतील तर दोन गट करा. तिथली ऑफिसं लहान असतात आणि जेवणाची वेळ साडेअकरा-बारा, त्यामुळे सकाळी दहाची वेळ मागणं सोयीचं. दहा म्हणजे दहा. पाच मिनिटं आधी दाराशी असा.

तिथं ‘सर’, ‘मॅडम’ नाही. वयानं मोठ्या माणसालाही पहिल्या नावानं हाक मारतात. आपल्या मुलांना हे पहिल्या दिवशी जड जातं, म्हणून निघण्याआधी वर्गात सराव करून घ्या. प्रश्नही आधी लिहून न्या. बोलण्यात ओळख निघायला एक दुवा आपल्याकडे आहेच: हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्टियन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये मुंबईत लार्सन अँड टुब्रो सुरू केली. पवईतलं तिचं आवार माहीत असलेल्या पोरांनी हे सांगितलं की तिथले लोक खुर्ची जवळ ओढून बसतात.

व्हिसा

डेन्मार्क शेंगेन गटात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण प्रकरण अडलं तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. म्हणून मी अडीच महिने आधीची तारीख धरतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालू आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. सोबत कॉलेजचं पत्र, दिवसवार कार्यक्रम, राहण्याची नोंद, पालकांचं खर्चाचं हमीपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे द्यायला व्हिसा अर्ज केंद्रावर जायचं.

आता पैशांचं. प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. पण त्याच नियमावलीत शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना शुल्कमाफीची तरतूद आहे. केंद्राचा सेवा आकार द्यावा लागतो तो वेगळा. आमच्या पहिल्या खेपेला एका एजंटानं सगळ्यांकडून पूर्ण रक्कम घेतली आणि आम्हाला नियम माहीत नसल्यानं आम्ही ती दिली. तेव्हा कॉलेजच्या पत्रात ‘शैक्षणिक दौरा, सोबत शिक्षक’ असं स्पष्ट लिहा आणि अर्ज भरतानाच माफीबद्दल विचारा. बारा-पंधरा मुलांचा मिळून तो आकडा मोठा होतो.

विमान बदलून जाणार असाल तर इमिग्रेशन तुमच्या पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं, कोपनहेगनला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तिथं ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं आली आहे, रांगा लांबतात. दोन विमानांत तीन तासांचं अंतर ठेवा.

राहणं, खाणं, पिशवी

विमानतळावरून मेट्रोनं पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यात पोहोचता. राहायला स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल बघा, कारण बाहेर एक कॉफी ४०–५० क्रोनला पडते आणि एक क्रोन आपले साधारण चौदा रुपये धरा. डेन्मार्कमध्ये युरो चलन नाही, आणि रोख पैसे क्वचितच लागतात. कार्ड सगळीकडे चालतं. चादर-उशीचे पैसे काही हॉस्टेलं वेगळे लावतात, नोंदणी करताना बघा.

नेट्टो, रेमा १००० ही स्वस्त किराणा दुकानं. राईचा काळा पाव एकदा घेतला की तीन दिवस पुरतो. शाकाहारी मुलांसाठी नोरेब्रो भागातली फलाफलची दुकानं आहेतच. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर १ ते ३ क्रोन अनामत असते, दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत मिळते. त्या यंत्रापुढे एकदा उभं राहून लोक ते कसं वापरतात हे टिपून ठेवा. तो एक चांगला डिझाइनचा धडा आहे.

घरून भडंग, मेतकूट, चटणी, थेपले न्या. तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या नेऊ नका, कारण युरोपियन संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आंबाही चालत नाही. ताज्या फळांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. मे महिन्यात आजी प्रेमानं डझनभर हापूस देईल, ते घरीच खाऊन निघा.

पिशवीत ५ मीटरची मोजपट्टी, ए-५ आकाराची जाड कागदाची वही, दोन पेनं, एक मऊ पेन्सिल. छत्रीऐवजी टोपीचं पावसाळी जाकीट, कारण वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. आपले बारीक दोन पिनांचे मोबाइल चार्जर तिथं चालतात, जाड तीन पिनांच्या लॅपटॉपला ॲडॅप्टर लागतो.

सात दिवस, आणि सोमवारचा प्रश्न

डिझाइन म्युझियम आणि लुईझियाना हे शहराबाहेरचं कलासंग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद. आम्ही पहिल्या वेळी सोमवारीच म्युझियमच्या फाटकाशी पोहोचलो होतो. त्यामुळे आधी सोमवार कुठं पडतो ते बघा आणि तो उघड्यावरच्या जागांना द्या.

पोहोचल्या दिवशी कुठलंही तिकीट काढू नका. बंदराच्या काठानं चाला. ब्लॉक्स या इमारतीत डॅनिश आर्किटेक्चर सेंटर आहे. तिथून निघा, २०१९ चा लिले लँगेब्रो हा सायकलींचा वळणदार पूल बघा, मग ‘ब्लॅक डायमंड’ म्हणून ओळखलं जाणारं रॉयल लायब्ररीचं १९९९ चं विस्तारित दालन. झिम्बाब्वेहून आणलेला काळा ग्रॅनाइट, मध्ये फट पाडून आत घेतलेलं पाणी आणि आकाश. आत जायला पैसे लागत नाहीत. पलीकडे ओलाफूर एलियासन या कलाकारानं केलेला पाच वर्तुळांचा सर्केलब्रो हा पूल आहे. त्या वर्तुळांमुळे पुलावरून सरळ धावत जाता येत नाही, पाय आपोआप मंदावतात. उभं राहून दहा मिनिटं लोकांचे पाय बघा. समोर इस्लँड्स ब्रिगेला पोहायचं बंदर आहे. एकेकाळी पावसात शहराचं सांडपाणी याच पाण्यात उतरायचं. ते अडवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या, आणि २००२ पासून लोक शहराच्या मधोमध पोहतात.

दुसरा दिवस डिझाइन म्युझियमचा. ही १८ व्या शतकातली रुग्णालयाची इमारत. १९२६ मध्ये कोरे क्लिंट आणि इव्हार बेंट्सन यांनी तिचं संग्रहालय केलं. खुर्च्यांचं दालन बोगद्यासारखं आहे, प्रत्येक खुर्ची आपापल्या उजळ कोनाड्यात. तिथं बसता येत नाही, म्हणून फक्त सांधे बघा. हात कुठं संपतो, पाय कुठं सुरू होतो, बस. मग त्याच ब्रेडगाडे रस्त्यावरच्या फर्निचरच्या शोरूममध्ये जाऊन विचारून बसा. हान्स वेग्नरची १९४९ ची वाय-चेअर जरूर अनुभवा. तिच्या बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोर लागतो आणि तो हातानं विणायला कारागिराला तासभर लागतो. आमच्या गटातला सांगलीकडचा एक मुलगा ती उलटी करून म्हणाला, “ही तर बाजेसारखीच कोपऱ्यातून ताणत आणलीय.” त्यानं तिथंच गुडघ्यावर बसून दोराचा रस्ता रेखाटला: पुढचा कोपरा, वळसा, बाजूची पट्टी, पुन्हा वळसा. विक्रेत्यानं स्वतःहून त्याला दोराचा एक तुकडा आणून दिला.

तिसऱ्या दिवशी दोन चर्च एकत्र करा, हा माझा आग्रह आहे. सकाळी ग्रुंटविग. एमड्रुप स्टेशनपासून चालत जाता येतं. पी. व्ही. येन्सन-क्लिंट यांनी आरेखन केलं, १९२१ मध्ये पाया घातला, ते वारल्यावर मुलानं, म्हणजे वर सांगितलेल्या कोरे क्लिंटनं, १९४० मध्ये पूर्ण केलं. पन्नास-साठ लाख विटा लागल्या. गावाकडच्या साध्या चर्चचा पायऱ्यांसारखा त्रिकोणी माथा इथं प्रचंड मोठा केला आहे. आजूबाजूची घरंही त्याच पिवळ्या विटेत, त्याच आराखड्यातली. म्हणून आधी गल्लीतून फिरा, मग चर्चपुढे या. दुपारी बाग्सवेर. योर्न उत्झॉन यांचं १९७६ चं हे चर्च बाहेरून धान्याचं कोठार वाटतं, मुलं दारात थबकतात. आत काँक्रीटचं छत ढगासारखं लाटा घेत वर जातं आणि उजेड कुठून येतो तेच कळत नाही. तिथं फोटो काढण्याआधी प्रत्येकानं छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र काढायचं, मनानं, डोळ्यांच्या अंदाजानं. चुकलं तरी चालेल. उजेडाचा रस्ता बाणांनी दाखवा. रविवारी सकाळी दोन्हीकडे प्रार्थना असते, तेव्हा जाऊ नका.

चौथा दिवस किनाऱ्याचा, आणि सगळ्या दौऱ्यात तो मला सर्वात प्रिय. मंगळवार ते शुक्रवारमधला निवडा, कारण त्या दिवशी लुईझियाना रात्री दहापर्यंत उघडं असतं. ट्रेन-बस-मेट्रोचा छोटा सिटी पास शहरातल्या १ ते ४ झोनपुरता असतो, आज मोठा घ्या. सकाळी ट्रेननं थेट हेल्सिंगोर. तिथं उत्झॉन यांची १९५० च्या दशकातली किंगो घरं आहेत: इंग्रजी ‘एल’ आकाराची, अंगण पोटात धरलेली बैठी घरं, उतारावर एकमेकांना वाट देत बसलेली. वाडा पाहिलेल्या माणसाला ही लगेच कळतात. लोक राहतात तिथं, म्हणून वाटेवरूनच बघा, खिडकीत कॅमेरा नको. मग बंदराशी सागरी संग्रहालय. बीआयजी या डॅनिश आर्किटेक्चर ऑफिसनं २०१३ मध्ये ते जुन्या सुक्या गोदीभोवती जमिनीखाली बांधलं, गोदी मोकळीच ठेवली, त्यामुळे शेजारच्या क्रोनबोर्ग किल्ल्याचं दृश्य अडत नाही. परतताना हुमलेबेकला उतरा. लुईझियाना हे १८५५ चा बंगला आणि त्याला १९५८ पासून जोडत नेलेले काचेचे बोळ. बंगल्याच्या मूळ मालकाच्या तिन्ही बायकांचं नाव लुईझ होतं, त्यावरून हे नाव. योर्गेन बो आणि विल्हेल्म वोहलर्ट या आर्किटेक्टांनी झाडं न तोडता बोळ वळवले. संध्याकाळी पायरीवर बसलं की समोर स्वीडनचा किनारा दिसतो. इथं गटाला सोडून द्या, दोन तास कुणी कुणाला शोधायचं नाही.

सोमवारी मेट्रोनं ओरेस्टाड या नव्या वसाहतीत. गाडीला चालक नाही, पुढच्या काचेशी बसा. टिटगेन हे २००६ चं गोल विद्यार्थी वसतिगृह, माउंटन आणि ८-टॅलेट ही नवी घरं पायी होतात. ८-टॅलेटच्या चढत्या वाटेवर जाण्याआधी रहिवाशांनी लावलेला फलक वाचा. दुपारी अमागर बक्के, म्हणजे कचरा जाळून घरांना ऊब आणि वीज देणारा कारखाना, ज्याच्या छतावर चढायची वाट आणि स्कीइंगचा उतार आहे. देवनार किंवा उरुळी देवाचीचे ढीग बघितलेली मुलं इथं लगेच ‘आपल्याकडे का नाही’ विचारतात. शिक्षकांनी उत्तर तयार ठेवावं: आपला कचरा ओला, जळायला कठीण, आणि तिथं ऊब घरोघर पोहोचवणारे नळ आधीपासून आहेत.

उरलेल्या वेळात नोरेब्रोतलं सुपरकिलन हे सार्वजनिक उद्यान (२०१२) आणि ड्रोनिंग लुईझ पुलावरची संध्याकाळ. बेलव्ह्यू किनाऱ्यावरचं आर्किटेक्ट आर्ने याकोबसेनचं काम जमलं तर बघा, नाही तर पुढच्या खेपेला.

सायकल

सायकलशिवाय हे शहर कळत नाही, पण पहिल्या सकाळी मोकळ्या जागेत तासभर सराव करून घ्या. रहदारी उजवीकडून. थांबायचं असेल तर हात वर, वळायचं असेल तर हात आडवा. चौकात थेट डावीकडे वळायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं, मग हिरव्या दिव्याला निघायचं. बसथांब्यावर उतारू सायकलच्या पट्ट्यात पाऊल टाकत असतील तर आपण थांबायचं. फुटपाथवर सायकल नको, अंधारात दिवे हवेतच. एस-ट्रेनमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, सायकल फुकट नेता येते, फक्त गर्दीच्या वेळी नोरेपोर्ट स्टेशनवर ती घेऊन चढ-उतार करता येत नाही.

वही कशी भरायची

रोज तीन पानं. पहिल्यावर एक मोजलेली वस्तू: कठडा, बाक, दरवाज्याची मूठ, जिन्यातली सायकल चढवायची खाच. मापं मिलिमीटरमध्ये, आणि शेजारी आपल्या शरीराची खूण, म्हणजे ‘माझ्या गुडघ्यापर्यंत’, ‘कोपराखाली चार बोटं’. दुसऱ्यावर दहा मिनिटांची मोजणी: एका जागी किती जण बसले, किती उभे, किती सायकली गेल्या, ऊन कुठं होतं. आर्किटेक्ट यान गेल यांनी याच शहरात १९६० च्या दशकापासून असं मोजून दाखवलं, आणि १९६२ मध्ये पादचाऱ्यांना दिलेला स्ट्रॉयेट रस्ता त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. तिसऱ्यावर आपल्या प्रश्नाचं त्या दिवसापुरतं उत्तर, पाच ओळींत.

रात्री जेवणानंतर हॉस्टेलच्या मोठ्या टेबलावर सगळ्या वह्या उघड्या ठेवा. वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त पानं उलटायची. मग प्रत्येकानं दुसऱ्याच्या वहीतलं एक पान निवडून त्यावर बोलायचं.

परतल्यावर पहिल्याच शनिवारी स्टुडिओची एक भिंत मोकळी करा. प्रत्येकानं मोजलेल्या वस्तूंपैकी एक निवडून खऱ्या मापात, पूर्ण आकारात कागदावर काढायची आणि जमिनीपासूनच्या खऱ्या उंचीवर चिकटवायची. चर्चमधल्या त्या खुर्चीचं चित्र आमच्याकडे अजून दाराजवळ आहे. नवीन मुलं येता-जाता त्यापुढे उभी राहून आपला गुडघा लावून बघतात.